चिखलात लिहिलेली समुद्राची बखर

वाचकहो, खाडीकाठच्या गावात विहीर किंवा तळे खणताना तुम्ही कधी काठावर उभे राहिला आहात काय? पहिले दोन हात नेहमीची शेतमाती निघते. मग कुदळीला चिकटणारा निळसर काळा चिखल लागतो. त्याला कुजलेल्या पाल्याचा वास येतो. त्याखाली एखादे वेळी वीतभर वाळू लागते आणि तीत शिंपल्यांचे तुकडे दिसतात. खणणारा गडी घाम पुसत म्हणतो, "कधीकाळी इथवर दर्या होता हो." एवढे बोलून तो पुन्हा कुदळ मारतो, आणि आपणही ती गोष्ट तेथेच सोडून घरी जातो.

आज ती गोष्ट आपण सोडायची नाही. कधीकाळी म्हणजे नेमके केव्हा? इथवर म्हणजे किती वर? आणि तो दर्या पिढ्यान् पिढ्या हळूहळू वर आला, की एका रात्रीत येऊन गेला? या तीन प्रश्नांची उत्तरे त्या खड्ड्यातच असतात. खाडीचा चिखल ही समुद्राची बखर आहे. माणसाने लिहिलेल्या बखरीत धन्याची मर्जी पाहून चार ओळी कमी-जास्त होतात. चिखलाला कोणाची मर्जी राखायची नसते. मात्र त्याची लिपी शिकून घ्यावी लागते. ती लिपी कशी वाचतात, आणि वाचूनही माणसे वेळेवर शहाणी होतात की नाही, हे आज पाहू.

आधी ही बखर लिहिली कशी जाते ते पाहा. खाडीत दिवसातून दोनदा भरती येते. भरतीचे पाणी गढूळ असते. पाणी संथ झाले की त्यातला गाळ खाली बसतो आणि ओहोटीबरोबर पाणी तेवढे निघून जाते. दुकानदार वहीत रोज एक ओळ लिहितो, तसा हा रोजचा पातळ थर होय. जुने पान खाली, नवे पान वर. आता दुसरी एक गोष्ट तुम्हा सर्वांना ठाऊक आहे. पावसाळ्यात ओढा जोरात वाहतो तेव्हा तो गोटे आणि वाळू लोटत नेतो, आणि डबक्यात साचलेले पाणी नुसता चिखल ठेवते. म्हणजे वाळू ही जोराच्या पाण्याची खूण, आणि चिखल ही शांत पाण्याची. तेव्हा शांत खाजणाच्या चिखलात मध्येच वाळूचा पदर सापडला, तर एक दिवस तेथे जोराचे पाणी शिरले होते, एवढे कोणीही सांगू शकेल.

पण ते पाणी समुद्राचे की नदीच्या पुराचे? आणि त्या काळी या जागेवर भरतीचे पाणी रोज येई, की केवळ उधाणाला? हे सांगणारे साक्षीदार डोळ्यांना सहज दिसत नाहीत.

त्यांतला पहिला साक्षीदार म्हणजे फोरॅमिनिफेरा नावाचा प्राणी. हा एकाच पेशीचा जीव आहे, पण स्वतःभोवती कवच बांधतो. कोणी चुन्याचे बांधतो, तर कोणी वाळूचे बारीक कण एकमेकांस चिकटवून भिंत उभारतो. त्याचे घर पुष्कळदा रव्याच्या कणाहूनही लहान असते. दुसरा साक्षीदार म्हणजे डायाटम. मराठीत याला करंडक वनस्पती असे सुरेख नाव आहे. कुंकवाच्या करंड्यावर झाकण बसावे तशी याच्या कवचाची दोन शकले एकमेकांत बसतात, आणि ते कवच काचेसारख्या सिलिकेचे असते. हा तर इतका सूक्ष्म की सूक्ष्मदर्शकाखेरीज दिसायचाच नाही. हे जीव मरतात, पण त्यांची कवचे चिखलात हजारो वर्षे टिकून राहतात. यांनाच सूक्ष्म जीवाश्म म्हणतात.

आता त्यांची साक्ष कशी काढायची? खाडीकाठच्या शेतकऱ्याला हे समजावून सांगण्याची गरज नाही. तिवर आणि चिपी कोठे उगवते, तेथून वर कोणते गवत येते आणि भात कोठपासून पिकते, हे त्याला पाठ असते. झाड पाहून तो सांगतो की येथे रोजची भरती पोचते, आणि तेथे केवळ अमावास्या-पौर्णिमेचे उधाण पोचते. या सूक्ष्म जीवांच्या वस्त्याही तशाच ठरलेल्या असतात. काही जाती रोज दोनदा बुडणाऱ्या चिखलातच राहतात. काही जातींना महिन्यातून चार वेळा पाय भिजले तरी पुरते. काही उघड्या समुद्रातल्या, तर काही निव्वळ गोड्या पाण्यातल्या.

म्हणून शास्त्रज्ञ पहिल्याने आजची खाडी तपासतात. ओहोटीच्या रेघेपासून उधाणाच्या रेघेपर्यंत पायरीपायरीने चिखलाचे नमुने घेतात, प्रत्येक जागेची उंची मोजतात, आणि कोणत्या उंचीवर कोणत्या जाती किती, याचा तक्ता करतात. ही झाली किल्ली. मग पोकळ नळी जमिनीत दाबून खालच्या थरांचा अखंड खांब वर काढतात. त्यातल्या एखाद्या खोल थरात उधाणाच्या रेघेजवळ राहणारे जीव सापडले, तर तो थर साचला त्या वेळी उधाणाची रेघ तेथे होती, हे उघड झाले. आज तीच रेघ दोन मीटर वर असेल, तर मधल्या काळात जमिनीच्या मानाने समुद्र दोन मीटर चढला.

राहिला प्रश्न काळाचा. थरात पान, बी किंवा मूळ सापडले तर त्यातल्या किरणोत्सर्गी कार्बनावरून वय काढतात. जीव मेल्यावर हा कार्बन ५,७३० वर्षांत निम्मा उरतो, पुढच्या तितक्याच वर्षांत पाव उरतो. किती उरला ते मोजले की किती काळ लोटला ते कळते. हे गणित तिथीवार नसते. काही दशकांचा फरक त्यात धरावाच लागतो.

या रीतीने अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, उत्तर कॅरोलायना राज्यातील खाऱ्या दलदलीत, दोन हजार वर्षांची समुद्राची पातळी काढली गेली. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात असे दिसले की एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून तेथे समुद्र ज्या वेगाने चढत आहे, तसा तो मागच्या दोन हजार वर्षांत कधीच चढला नव्हता. साऱ्या जगाची सरासरी घेतली तर १९०१ ते २०१८ या काळात समुद्र सुमारे वीस सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ वीतभर, वर आला आहे. वीतभर ते काय, असे कोणी म्हणेल. ज्याच्या खारबांधाच्या माथ्यापासून उधाणाचे पाणी वीतभरच खाली राहते, त्याला विचारून पाहा.

ही झाली समुद्राची हळू चाल. आता त्याची झेप पाहू. त्यासाठी आपल्याला अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाला, वायव्य किनाऱ्यावर जावे लागेल. एवढ्या लांब कशाला, असे तुम्ही म्हणाल. पण चिखलाची लिपी वाचण्याचा सर्वांत स्वच्छ धडा तेथे मिळाला, आणि तो धडा जपानमार्गे आपल्या दारापर्यंत येतो.

वॉशिंग्टन आणि ओरेगन ही राज्ये पॅसिफिक महासागराच्या काठी आहेत. तेथे समुद्रतळाचे कवच जमिनीच्या कवचाखाली सरकत आहे. अशा जागी जगात इतरत्र प्रचंड भूकंप होतात. पण येथे तसा भूकंप झाल्याची एकही लेखी नोंद नव्हती. तेथे लिहिणारे लोक येऊनच मुळी दोनशे वर्षे झालेली. म्हणून १९८० च्या सुमारापर्यंत पुष्कळ जाणकारांचा समज असा होता की येथील खडक एकमेकांवरून गुपचूप सरकतात.

१९८६ साली ब्रायन ॲटवॉटर नावाचे भूशास्त्रज्ञ ओहोटीच्या वेळी तेथील खाड्यांचे काठ खरवडून पाहू लागले. त्यांना वर राखाडी चिखल दिसला आणि त्याखाली काळी, मुळांनी भरलेली माती दिसली. एके काळी ती माती गवताचे कुरण होती. दोहोंमधली रेघ सुरीने कापावी तशी स्पष्ट होती. त्या रेघेवर कोठे कोठे पातळ वाळू पसरलेली होती, आणि वाळूखाली गवत जागच्या जागी गाडले गेलेले होते.

सूक्ष्म जीवाश्मांनी यावर शिक्का मारला. काळ्या मातीतले जीव क्वचित भिजणाऱ्या उंच जागेचे होते. वरच्या चिखलातले जीव रोज बुडणाऱ्या जागेचे होते. समुद्र हळूहळू चढला असता, तर उंच जागेच्या जीवांनंतर मधल्या जागेचे आणि मग खालच्या जागेचे, असे क्रमाने सापडले असते. येथे मधली पायरीच नव्हती. म्हणजे जमीन एका दमात, मीटरभर किंवा त्याहूनही जास्त, खाली बसली होती. वाळूत समुद्रातले करंडक सापडले, आणि समुद्रापासून आत जावे तसा वाळूचा पदर पातळ होत गेला होता. म्हणजे ती नदीच्या पुराने आणलेली नव्हती, समुद्राच्या लाटेने आणलेली होती. भूकंपाने जमीन खचली आणि पाठोपाठ समुद्र आत आला, असा त्याचा अर्थ.

हे केव्हा घडले? त्याच किनाऱ्यावर कोपॅलिस नावाच्या नदीकाठी सीडर जातीची वाळलेली झाडे आजही उभी आहेत. जमीन खचली, मुळांना खारे पाणी लागले आणि सारे रान उभ्या उभ्या मेले. झाडाच्या खोडात दर वर्षी एक कडे वाढते, हे शिक्षकांना सांगायला नकोच. मातीत शाबूत राहिलेल्या मुळांची कडी मोजली तेव्हा कळले की त्यांनी १६९९ च्या हंगामातले कडे पुरे केले, आणि १७०० सालच्या हंगामातले कडे धरलेच नाही.

आता जपानकडे वळा. तेथे लिहून ठेवण्याची चाल जुनी. मियाको, मिहो, तानाबे अशा निरनिराळ्या किनारी गावांच्या जुन्या कागदांत १७०० सालच्या जानेवारीअखेरीस समुद्र अवचित गावात शिरल्याच्या नोंदी होत्या. कोठे घरे गेली, कोठे शेतात पाणी आले. पण त्या दिवशी जपानात भूकंप जाणवलाच नव्हता. भूकंपावाचून आलेली ही लाट कोणाची, हे शेकडो वर्षे कोणास उमगले नाही. अभ्यासक तिला पोरकी लाट म्हणत. १९९६ साली केंजी साताके व त्यांच्या सहकाऱ्यांनी हिशेब जुळवला. महासागराच्या पलीकडे मेलेले रान हेच त्या पोरक्या लाटेचे मायबाप होते. लाटेला जपानपर्यंत यायला लागणारा वेळ वजा करून त्यांनी भूकंपाची वेळसुद्धा काढली. ती निघाली २६ जानेवारी १७००, रात्री नऊच्या सुमारास. चिखल, झाडे आणि दप्तर या तिघांची साक्ष अशी एक झाली.

पुढे खालचे थर तपासले तेव्हा विलापा उपसागराच्या काठी गेल्या साडेतीन हजार वर्षांत अशा सात भूकंपांच्या खुणा निघाल्या. सरासरीने पाचशे वर्षांनी एक, पण अंतर सारखे नाही. कधी दोनतीनशे वर्षे, कधी हजाराच्या जवळपास. तेथील मूळ रहिवाशांच्या कथांतही रात्री जमीन हादरल्याचे आणि समुद्र चढल्याचे वर्णन होते. त्यांच्याकडे पूर्वी कोणी फारसे लक्ष दिले नव्हते.

या वाचनाचा उपयोग काय झाला? घरे बांधण्याचे नियम कडक झाले. वेस्टपोर्ट गावाच्या प्राथमिक शाळेने २०१६ साली आपल्या व्यायामशाळेची इमारत अशी बांधून घेतली की लाट आली तर हजार माणसे तिच्या गच्चीवर चढून वाचावीत. आसपास डोंगर नाही, तेव्हा शाळेनेच डोंगर व्हायचे ठरवले. चिखलातल्या बारीक करंडकांपासून निघालेली गोष्ट मुलांच्या डोक्यावरच्या गच्चीपर्यंत पोचली, ती अशी.

पण वाचकहो, प्रत्येक वेळी ती वेळेवर पोचतेच असे नाही. पुन्हा जपानकडे या. तेथील सेंदाईचे मैदान म्हणजे समुद्रकाठची सपाट भातशेती, आपल्या खारपट्टीसारखीच. इसवी सन ८६९ मध्ये, जोगान नावाच्या कालखंडात, तेथे मोठा भूकंप होऊन समुद्र आत आला व सुमारे हजार माणसे बुडाली, अशी नोंद जपानच्या दरबारी इतिहासात आहे. अकराशे वर्षांपूर्वीची चार ओळींची नोंद. ती कोणी मनावर घ्यावी?

१९९० च्या सुमारास तेथील संशोधकांनी भातखाचरांत खणून पाहिले. काळ्या मातीत वाळूचा पदर सापडला. त्याच्या थोडे वर पांढुरकी राख होती. ती ९१५ साली तोवादा ज्वालामुखीतून उडालेली. म्हणजे वाळू त्याच्या थोडी आधीची, जोगानच्याच वेळची. पुढच्या वीस वर्षांत शेकडो खड्डे घेतले गेले. जोगानची वाळू त्या वेळच्या किनाऱ्यापासून कित्येक किलोमीटर आत गेलेली आढळली, आणि तिच्याखाली आणखी जुन्या लाटांची वाळूही सापडली. असे संकट पाचशे ते हजार वर्षांनी पुन्हा येत असावे, असा अंदाज निघाला. २००९ साली अणुवीज केंद्रांच्या सुरक्षिततेची छाननी करणाऱ्या समितीपुढेही एका भूशास्त्रज्ञाने जोगानच्या लाटेची आठवण काढली होती. सरकारी भूकंप-अंदाजात तिचा समावेश करण्याची तयारी चालू होती.

तोच ११ मार्च २०११ रोजी दुपारी भूकंप झाला आणि समुद्र सेंदाईच्या मैदानात पुन्हा शिरला. जपानच्या त्या सबंध किनाऱ्यावर अठरा हजारांहून अधिक माणसे मृत वा बेपत्ता झाली. फुकुशिमाचे अणुवीज केंद्र बंद पडून तेथील अनर्थ ओढवला. बखर वाचून झाली होती. ती गावागावांत सांगायची राहिली होती.

त्या आपत्तीतून शास्त्रज्ञही एक गोष्ट शिकले. ती आपणही ध्यानात धरावी. सेंदाईच्या मैदानात २०११ ची लाट साडेचार-पाच किलोमीटर आत गेली, पण डोळ्यांना दिसेल अशी वाळू तीन किलोमीटरच्या आतच संपली. पुढे पाण्याने केवळ चिखल ठेवला. म्हणजे जुन्या वाळूची हद्द ही पाण्याची हद्द नव्हे. वाळू सापडली तेथवर पाणी नक्कीच आले होते, एवढेच म्हणावे. त्यापुढे आले नव्हते, असे म्हणू नये. तशीच दुसरी सावधगिरी. मोठे चक्रीवादळही समुद्राची वाळू आत टाकते. वाळूचा पदर दिसला की लगेच त्सुनामी म्हणून मोकळे होता येत नाही. पदर किती आत गेला, त्यात खोल पाण्यातले जीव आहेत का, शेजारच्या दहा खाड्यांत त्याच काळाचा पदर मिळतो का, हे सारे पाहून मगच बोलावे लागते.

आता एक उलट उदाहरण. सुमात्राजवळ सिमेलू नावाचे बेट आहे. तेथे १९०७ साली त्सुनामी येऊन पुष्कळ माणसे मेली. वाचलेल्यांनी ती हकीकत मुलानातवंडांना सांगितली. तिला त्यांच्या बोलीत स्मोंग असे नाव पडले. जमीन जोरात हादरली आणि समुद्र मागे हटला, की काही न घेता डोंगर गाठायचा, एवढाच तिचा सारांश. २६ डिसेंबर २००४ रोजी प्रचंड भूकंप झाला तेव्हा लाट काही मिनिटांतच त्या बेटावर आली. बेटावर अठ्ठ्याहत्तर हजारांच्या आसपास वस्ती होती, आणि मेली ती सात माणसे. त्याच दिवशी सुमात्राच्या मुख्य किनाऱ्यावर लाखाहून अधिक माणसे गेली. भारतातही, तामिळनाडूपासून अंदमान-निकोबारपर्यंत, दहा हजारांवर माणसे दगावली. आजीच्या तोंडची गोष्ट सिमेलूला उपयोगी पडली.

मग आपल्या कोकणाचे काय? आपला किनारा जपानसारखा दोन कवचांच्या सांध्यावर नाही. तेव्हा उगाच घाबरून जाण्याचे कारण नाही. पण आपला समुद्र अगदी निरुपद्रवी आहे, असेही नव्हे. मुंबईत १८७०-८० च्या दशकात प्रिन्सेस गोदीचे खोदकाम झाले तेव्हा चिखलाखाली एक रान सापडले. तीनशेहून अधिक झाडे, त्यांतली निम्म्याहून अधिक मुळांवर उभी, लाकूड खैराचे. खैर खाऱ्या पाण्यात उगवत नाही. म्हणजे आज जेथे जहाजे लागतात तेथे कधीकाळी कोरडी जमीन होती. जमीन खाली गेली की समुद्र वर आला? जे झाड आपल्या मुळांवर उभे आहे ते पाण्याने वाहत आलेले नाही, एवढे ते रान सांगते. पुढचे उत्तर त्याच्या वरच्या आणि खालच्या चिखलातून काढावे लागते. मुंबई बंदरातल्या भरती-ओहोटीच्या मोजणीच्या नोंदी १८७८ पासूनच्या आहेत. त्याआधीचा हिशेब चिखलाच्याच वहीत आहे.

आणि पोरकी लाट आपल्याकडेही येऊन गेली आहे. २८ नोव्हेंबर १९४५ च्या पहाटे मकरानच्या किनाऱ्याजवळ, म्हणजे मुंबईपासून सुमारे बाराशे किलोमीटरवर, समुद्राखाली मोठा भूकंप झाला. तेथील पसनी गावाची फार हानी झाली. मुंबईला लाट पोचली ती सकाळी आठनंतर, भूकंपानंतर चारपाच तासांनी. ती दोनेक मीटर उंच होती, आणि येथेही माणसे वाहून गेली. दूरचा हादरा आपल्या पायाखाली जाणवेलच असे नाही. म्हणून अशा वेळी पायापेक्षा इशाऱ्यावर भरवसा ठेवावा लागतो. हैदराबादच्या राष्ट्रीय केंद्रातून २००७ पासून त्सुनामीचे इशारे दिले जातात. इशारा आला की किनाऱ्यावर तमाशा पाहायला जाऊ नये. पहिली लाट ओसरली म्हणून माघारी फिरू नये, कारण पुष्कळदा नंतरची लाट मोठी असते.

चक्रीवादळांचे तर सांगायलाच नको. ३ जून २०२० चे निसर्ग वादळ श्रीवर्धनच्या बाजूने जमिनीवर आले. त्याने आडव्या केलेल्या माड-पोफळीच्या बागा अनेकांनी डोळ्यांनी पाहिल्या आहेत. आणखी पन्नास वर्षांनी हे कोणाला आठवेल?

येथे मला शिक्षकांशी दोन शब्द बोलायचे आहेत. सूक्ष्मदर्शक नसला तरी या बखरीचे पहिले पान तुम्ही मुलांना दाखवू शकता. चांगली ओहोटी पाहून, गावातला एखादा जाणता कोळी बरोबर घेऊन, खाडीच्या कापलेल्या काठाजवळ जा. पाय रुतणाऱ्या चिखलात मुलांना उतरवू नका, आणि भरती लागण्याआधी परत फिरा. मुलांना तीन गोष्टी पाहायला सांगा. कोणता थर कशावर आहे? दोन थरांमधली रेघ स्पष्ट आहे की पुसट? आणि शिंपले कोणत्या थरात आहेत? मुलांनी ते वहीत रेखाटावे. उत्तर चुकले तरी चालेल. पाहण्याची सवय लागली म्हणजे झाले.

दुसरे काम याहून सोपे आणि अधिक मोलाचे आहे. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा की त्यांच्या आठवणीत सर्वांत मोठे उधाण केव्हा आले आणि पाणी कोठवर चढले. देवळाच्या कोणत्या पायरीपर्यंत? कोणाच्या ओटीपर्यंत? साल न आठवले तर अमक्याच्या लग्नाच्या वर्षी, तमका बांध फुटला त्या पावसाळ्यात, असे सांगतील. तेच लिहून घ्या. त्या जागी शाळेच्या नाहीतर देवळाच्या भिंतीवर तेलरंगाने रेघ काढा आणि बाजूला साल लिहा. पुढचे उधाण आले की पुन्हा रेघ काढा. शाळेच्या दप्तरात याची एक वही ठेवा, आणि बदली होऊन जाल तेव्हा ती पुढच्या गुरुजींच्या हाती द्या.

याचा उपयोग केव्हा होईल ते आज सांगता येत नाही. मिहो गावच्या ज्या मुखियाने १७०० साली समुद्र अवचित चढल्याची नोंद केली, त्यालाही ठाऊक नव्हते की तीनशे वर्षांनी तिच्यावरून दुसऱ्या खंडातल्या भूकंपाची रात्र ठरणार आहे. त्याने जे पाहिले ते लिहून ठेवले, एवढेच.

पुढच्या खेपेस गावात विहीर खणली जाईल तेव्हा क्षणभर काठावर थांबा. वाळूचा पदर निघाला तर तो किती हात खाली होता आणि किती बोटे जाड होता, ते मोजून त्या वहीत लिहा. आणि गडी म्हणाला की "कधीकाळी इथवर दर्या होता," तर त्याचे ते वाक्यही खाली तारखेसह उतरून घ्या.